दातांचे खळगे

आमच्या बाबांचा हात भारी होता. हे मी कौतुकानं सांगत नाही. भिसेगावात आमच्या आळीत भांडी आपटल्याचा आवाज आला की लोक आधी आमच्या दाराकडे बघायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. पण तोच माणूस वरातीत सॅक्सोफोन तोंडाला लावायचा, तेव्हा रस्त्यावरचा टेंपोवालासुद्धा गाडी बंद करून ऐकायचा.

सगळी करामत माऊथपीसची, असं ते म्हणायचे. आमच्या बँडमधल्या बाकीच्यांचे माऊथपीस काळ्या प्लास्टिकचे. बाबांचा पितळेचा, परदेशी, वयानं त्यांच्याहून मोठा. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या वादकानं वाजवणं सोडताना तो त्यांना दिला होता. सोन्याचा मुलामा कधीच उडून गेला होता, आणि वरच्या बाजूला, जिथे दात टेकतात तिथे, बाबांच्या पुढच्या दातांनी दोन खळगे पाडले होते. ढोलताशा फाडून बाहेर पडायचा त्याचा आवाज.

खरं तर तो माऊथपीस दादाला मिळायला हवा होता. तो थोरला. शाळेत असताना बाबा त्याला शिकवायला बसले, एकच सूर पुन्हा पुन्हा घसरला, आणि बाबांनी वाजत्या सॅक्सोफोनलाच खालून लाथ घातली. पितळ दातांवर आदळलं. दादाचा पुढचा दात अर्धा तुटून शर्टावर पडला. "रडलास तर दुसरा पाडीन," बाबा म्हणाले. दादानं ड्रम गळ्यात घातला तो कायमचा. मला तो सूर पहिल्या झटक्यात लागला, म्हणून माझे दात शाबूत.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. अर्धं तोंड गेलं, वाचा गेली. संध्याकाळी मी पडवीत त्यांचा माऊथपीस लावून वाजवायला बसलो की ते चांगला हात मांडीवर आपटून ताल धरायचे. माझे दात बरोबर त्यांच्या खळग्यांत बसायचे. बाबांनी मला कधी जवळ घेतलं नाही. आमच्यात जवळीक म्हणावी तर एवढीच होती, आणि ती मला हवी होती. दसऱ्याला देवीची मिरवणूक आमच्या दारावरून जाते. तिथे थांबून त्यांना त्यांचाच आवाज ऐकवायचा, असं मी ठरवलं होतं. पुढचा दसरा ते बघतील असं डॉक्टरसुद्धा म्हणत नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडे वाद्यं पुजतात. आदल्या दिवशी घासूनपुसून ठेवायची आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही. आई चिंचेनं घासायची. यंदा दादा म्हणाला, "खोपोलीला मशीनवर पॉलिश करून आणतो, आरशासारखी होतील." पोतं भरून घेऊन गेला. पाटावर मांडलेला माऊथपीस हळदीकुंकवाखाली असा झळकत होता की आईनं त्याला वेगळं फूल वाहिलं.

दसऱ्याला आरती झाली. मी माऊथपीस चढवला, फुंकर मारली आणि गळा चिरलेल्या कोंबडीसारखा आवाज निघाला. पुन्हा मारली, पुन्हा तेच. काढून बघितला. रीड, म्हणजे आवाज काढणारी वेताची पट्टी, जिथे टेकते ते टोक मशीननं खाऊन टाकलं होतं. बोटानं वरची बाजू चाचपली. खळगे नव्हते. सगळं गुळगुळीत.

मी दादाला विचारलंसुद्धा नाही. गचांडी धरली आणि हाणायला लागलो. पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा तोंडावर. तो ड्रमवर कोसळला, झेंडूची फुलं, पाट, समई सगळं उधळलं. आई मधे पडली, तिला मी ढकललं. दादानं हात उचलला नाही, त्यानं मी आणखी पेटलो.

"मशीनवाल्याला सांगायची अक्कल नव्हती तुला?"

"मीच सांगितलं त्याला," दादा रक्त थुंकत म्हणाला. "वरचे खड्डे पार घालव म्हणालो. टोक खराब होईल म्हणाला तो. होऊ दे म्हटलं. दरसाल ते खड्डे पुजायचे आमी, आन् माझा दात कुठं हाय रं?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. वर्षभर ज्यांच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता, ते बाबा कोपरावर उठले होते. डोळे लखलखत होते.

"हाण," ते म्हणाले. स्पष्ट. "हाण त्याला."

माझा हात वरच राहिला. दादा खालून माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याच्या तोंडातला तो अर्धा दात दिसत होता.

मी उठलो. माऊथपीस बाबांच्या हातात नेऊन ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला. दात वर टेकवले, पुढे सरकवले, मागे घेतले, पुन्हा पुढे. त्यांना जागा सापडेना. लाळ गळत होती आणि ते शोधत होते. आई रडत होती, पण त्यांच्याजवळ गेली नाही.

मी पाटावरचं देवाचं वस्त्र ओढून दादाच्या तोंडावर दाबलं. बाहेर ताशे जवळ आले होते. दादानं ते रक्ताळलेलं वस्त्र खिशात कोंबलं, ड्रम गळ्यात अडकवला आणि मला प्लास्टिकचा माऊथपीस दिला. मिरवणुकीत आमच्या दारापुढे आम्ही थांबलो नाही.