घराले जिना कुठं हाय?

चुलीतलं जळतं लाकूड नवऱ्यानं माझ्या दंडावर टेकवलं, तेव्हा आमच्याच ओट्यावर पोरी भुलाबाईची गाणी म्हणत होत्या. मी किंचाळले. सासू ओट्यावर जाऊन पोरींना म्हणाली, "काहून हळू म्हणून राहिल्या वं? जोरानं म्हणा!" पोरी खुशीत आल्या. टिपऱ्या जोरात वाजायला लागल्या आणि माझं ओरडणं त्यात बुडालं.

सकाळी लेकीला, वनिताला, कडेवर घेतलं आणि दर्यापूरच्या जीपमध्ये बसले. माणसं कोंबलेली होती. कुणाचा धक्का दंडाला लागला की डोळ्यांपुढं अंधारी येई. आधी माहेरी गेले. आईनं जखमेला तेल लावलं, जेवू घातलं आणि म्हणाली, "नवऱ्याच्या घरी थोडंबहुत होतच असते माय. वापस जाय." मी वापस गेले नाही. अकोल्याच्या एसटीत बसले.

गावातल्या बायांनो, ओट्यावर गाणाऱ्या त्या पोरी तुम्हीच, तेव्हा लहान होत्या. तुमच्यावर माझा राग नाही. पण गाण्यानं किंकाळी झाकता येते, हे मी त्या ओट्यावर शिकले.

अकोल्यात डाळमिलमध्ये डाळ निवडायला लागले. काळ्या रानात मोकळं चालायची सवय होती, आणि इथं पत्र्याची खोली, नळावर भांडण, शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. पहिलं वर्षभर मी या गल्लीला शिव्या दिल्या. शेजारच्या रेहानाबी कपडे शिवायच्या. मी मिलमध्ये असताना वनिता त्यांच्या मशीनखाली चिंध्यांत खेळायची. ती तिथंच मोठी झाली, आता अमरावतीला दवाखान्यात नर्स आहे.

मी म्हातारी झाले, मिल सुटली. मग पलीकडच्या खोलीत मनोज राहायला आला. त्याची आई आणि नवी बायको शीतल सोबत. संध्याकाळी त्यांचा टीव्ही मोठा झाला की मी हातातलं काम ठेवायची. टीव्हीच्या आवाजाखाली काय चालतं ते मला कुणी सांगायला नको होतं. एकदा शीतलचा डोळा सुजला होता. तिची सासू नळावर म्हणाली, "जिन्यावरून पडली." मी मनोजच्या दारात जाऊन बोलले, तर तो म्हणाला, "बुढे, तू तुह्यं पाह्य. आमच्या घरचा मामला हाय." शीतलला घेऊन मी आणि रेहानाबी पोलीस चौकीवर गेलो, तर तिथं नवरा-बायकोला समजावून परत पाठवलं. त्या आठवड्यात शीतलचं मनगट मोडलं. पुढच्या वेळी पोरगी मरणार, हे मला आणि रेहानाबीला दोघींना दिसत होतं.

आमच्या गल्लीत भुलाबाईची मूर्ती एकच. कोजागिरीपर्यंत ती रोज एका घरी बसते, सगळ्या बाया तिथं गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची सून मूर्ती उचलते आणि दुसऱ्या दिवशी जिची पाळी तिच्या घरी नेऊन ठेवते. भुलाबाईला नाही म्हणायची आणि तिला नेणारीला अडवायची कुणाची छाती होत नाही. मनोजच्या घरानंतरची पाळी मी मागून घेतली.

त्या दिवसासाठी गाणं मी जुळवलं. चौथी शिकलेली बाई, कागदावर कशाला लिहू? रेहानाबी मशीनवर बोटांनी ताल धरायच्या. "भाभी, इथं लंबं होऊन राहिलं. काट थोडं."

त्या संध्याकाळी मनोजच्या खोलीत बाया मावेनात. नेहमीची गाणी झाली आणि मी सुरू केलं:

भुलाबाई भुलाबाई, बसा थोडा वेळ,
टीव्ही काहून मोठा केला, कोणता चालू खेळ?
भिंत आमची पातळ बाई, ऐकू येते सारं,
सून पडली जिन्यावरून, जिना कुठं हाय बरं?

एक बाई फसकन हसली. सगळ्यांनी मान वर केली. वर पत्रे होते. मनोज उठला आणि त्यानं टीव्ही लावला. तेव्हा बायांनी तेच कडवं पुन्हा धरलं, जोरानं. दारातल्या बायांनी धरलं, नळावरच्या बायांनी धरलं. टीव्ही बुडाला.

शीतल खाऊचा डबा घेऊन उभी होती. रीतीप्रमाणं आम्ही डब्यात काय ते ओळखायचं असतं. तिनं डबा सासूच्या हातात दिला आणि स्वतःचंच कडवं म्हटलं:

जिना नाही, माडी नाही, पट्टा खुंटीवर,
चालली मी आज बाई भुलाबाईबरोबर.

तिनं प्लास्टरच्या हातानं मूर्ती छातीशी धरली. मनोज दाराशी आडवा झाला. रेहानाबी म्हणाल्या, "हट बेटा. देवी जाऊन राहिली, दिसत नाही का?" तो हटला. शीतल मूर्तीसकट माझ्या घरात आली आणि मी कडी लावली.

चौकीवर या वेळी अख्खी गल्ली साक्षीला गेली, तक्रार लिहून घ्यावीच लागली. त्यानंतर आमचं गाणं बाळापूर, मूर्तिजापूर करत फिरलं. जिथं गेलो तिथल्या बायांनी आपापली कडवी जोडली.

यंदा कोजागिरीला तुम्ही बोलावलं म्हणून गावी आले. त्याच ओट्यावर बसून मी पदर सरकवला, दंड दाखवला आणि गायले. घर कुठं, असं मला तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं. मी अकोल्याच्या त्या पातळ भिंतीचं नाव घेतलं.

नवरा मेला, सासू मेली. मी जिवंत आहे. वनिता आहे. शीतल आहे.