शिवणयंत्राचं वजन

पुसदला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं त्याचं दुकान आहे. उरलेल्या वेळात तो ब्राउझरात उघडणारी, आत हिंडता येणारी घरं बनवतो. कोणतीही वस्तू दिसली की तिचं वजन काढतो, म्हणजे ती पडद्यावर आणायला किती एमबी लागतील ते. "लय जड आहे, सर, पान उघडाले वेळ लागते." त्याची स्वतःची खुर्ची मात्र त्याच्याखाली सतत कुरकुरते.

पत्नी गेल्यावर माझं घर विकायचं ठरलं. त्याआधी ते पडद्यावर जसंच्या तसं करून द्यायला मी त्याला सांगितलं. टेप लावून त्यानं चार दिवस भिंती मोजल्या. मग दुकानात बोलावून माउस हातात दिला. "चला सर, घरात."

घर तीन सेकंदांत उघडलं. फक्त खिडकीजवळचं तिचं शिवणयंत्र नव्हतं.

"काढून टाकलं, मापं बी पुसून टाकले. चाक, पायडल, जाळी... घराहून जड झालतं ते. तीन सेकंदात नाही उघडलं तं लोक पळून जातेत, सर."

"मी कुठं पळणार?"

त्याची खुर्ची कुरकुरली.

यंत्र तोवर मी बोरी अरब गावच्या भाचीला दिलं होतं. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला दुकान बंद ठेवून तो एसटीनं तिकडं गेला आणि पायडलची जाळी मोजून आला. मला हे भाचीकडून कळलं. त्याचा फोन एवढाच होता, "यंत्र घरात टाकलं. आता उशीर लागला तं मले बोलू नका."

उशीर लागतोच. मी मोबाइल धरून बसतो. पांढऱ्या पडद्यावर आधी शिवणयंत्र येतं. भिंतींना त्यानं तोवर मागं थांबवलं आहे.