तलवारवाल्याची बहीण

तिचं खरं नाव खोक्यावर इंग्रजीत छापलेलं होतं, पण जळगावात आमच्या गल्लीत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. आम्ही पाचवीतल्या मुली, इंग्रजी नुकतं कुठे सुरू झालेलं. आम्ही तिला तलवारवाल्याची बहीण म्हणायचो. मी मनातल्या मनात आणखी पुष्कळ काही म्हणायचे.

तलवारवाला टीव्हीवरचा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कार्टूनमधला तो दंड फुगवून तलवार वर करायचा आणि गल्लीतली पोरं फूटपट्ट्या घेऊन एकमेकांच्या अंगावर धावायची. आमच्या शेजारच्या मुलीचा मामा जहाजावर नोकरीला होता. एका सुट्टीत तो भाचीसाठी ही बाहुली घेऊन आला. त्यानंच ओट्यावर बसून आम्हाला समजावून सांगितलं, की त्या तलवारवाल्याची खेळणी तिकडे धडाधड खपतात, पण घेणारे सगळे मुलगे. म्हणून मुलींसाठी कंपनीनं त्याला एक बहीण काढली. तिला विंचरायला केस दिले, बदलायला कपडे दिले, आणि तिकडे तिचं वेगळं कार्टूनसुद्धा लागतं. ते कार्टून आमच्यापर्यंत काही पोचलं नाही. त्यामुळे तिच्याबद्दल आम्हाला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की तिला भाऊ आहे.

कमरेपर्यंत सोनेरी केस, डोक्यावर मुकुट, पाठीवर लाल कापड सोडलेलं आणि गुडघा वाकवला की कट् असा आवाज. माझ्याकडे चिंध्यांची बाहुली होती. तिचं नाक आईनं काळ्या दोऱ्यानं काढलेलं, तेही वाकडं. तरी खरं सांगते, तसली बाहुली माझ्याकडे नाही म्हणून माझ्या पोटात दुखत नव्हतं. दुखायला लागलं ते ती आमच्या घरात आली तेव्हापासून.

माझी आई गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. खिडकीशी तिचं मशीन होतं आणि दिवसभर तिची पाठ आमच्याकडे असायची. माझे कपडेही तीच शिवायची, पण ते वाढत्या अंगाचे. म्हणजे आज घातला की खांद्यावरून घसरणारा फ्रॉक, आणि अंगाला बरोबर बसायला लागेपर्यंत त्याचा रंग उडालेला. माप ती घ्यायचीच नाही. एकदा माझ्याकडे नजर टाकायची आणि कात्री चालवायची. बायका आल्या की मात्र टेप गळ्यात अडकवून उभी राहायची, "हात वर कर गं, श्वास सोड," असं म्हणत त्यांच्याभोवती फिरायची. मला वाटायचं, एकदा तरी आईनं माझ्याभोवती असं फिरावं.

आणि ती फिरली कोणाभोवती, तर त्या वीतभर बाहुलीभोवती. शेजारची एका दुपारी तिला घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, हिला एक झगा शिवाल?" मला वाटलं, आई हाकलून देईल. गौरी-गणपतीचे ब्लाउज पुढ्यात पडलेले. पण आईनं बाहुली हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि टेप तिच्या कमरेला फार रुंद होतो म्हणून दोरा घेतला. दोऱ्याला गाठी मारून तिनं छातीचं, कमरेचं, बाहीचं माप घेतलं. मग स्वतःशीच हसली. म्हणाली, "ही बरी. हिला काही वाढायचं नाही."

तो झगा असा बसला की बस. एक चुणी नाही, एक सुरकुती नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी वाढत होते हा काय माझा गुन्हा होता?

मग भादव्याच्या पुनवेला गुलाबाई बसल्या. आमच्याकडे मुली महिनाभर गुलोजी आणि गुलाबाईची मातीची जोडी मांडतात. गुलोजी म्हणजे शंकर आणि गुलाबाई म्हणजे पार्वतीच, माहेरपणाला आलेली. रोज संध्याकाळी टिपऱ्या वाजवत घरोघर गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा हलवून विचारायचं, गोड की तिखट, आणि ओळखल्याशिवाय द्यायचा नाही. माझ्या गुलाबाईकडे खाऊ भारी असायचा, कारण माझे काका रावेरहून केळीचे वेफर पाठवायचे. त्यामुळे सगळ्या मुलींचं शेवटचं घर माझं असायचं. तो माझा मान होता आणि तो मी कुणाला देणार नव्हते.

पंधरवडा झाला असेल, शेजारी फळीवर मांजरानं उडी मारली आणि त्यांच्या गुलाबाईची मान गेली. बातमी आली तेव्हा सगळ्या मुलींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मांजर आलं तेव्हा मी घरी वरण-भात जेवत होते, त्याला साक्षीदार आहेत.

भंगलेली मूर्ती पुजता येत नाही, आणि कुंभाराकडे नवी जोडी शिल्लक नव्हती. गल्लीत सगळ्यांत वडील अक्का. त्या शिंदखेड्याकडच्या, बोलायच्या अहिराणीत, आणि त्यांच्या शब्दापुढे कुणाचं चालायचं नाही. त्या बघायला आल्या आणि म्हणाल्या, "एकटा गुलोजी बसाडता येस नही." शेजारचीनं रडत रडत तलवारवाल्याची बहीण आणून गुलोजीशेजारी ठेवली. गुडघे वाकवले, कट्, बसली. बायका म्हणाल्या, अहो, ही कसली देवी, पाय सगळे उघडे. अक्कांनी बाहुलीकडे नीट पाहिलं. "कोन शे हाई?" त्यांनी विचारलं. सगळ्या मुलींनी एका सुरात सांगितलं, तलवारवाल्याची बहीण.

"भाऊ शे ना तिले? मंग माहेर बी शे. लुगडं नेसाडा तिले," अक्का म्हणाल्या आणि निघून गेल्या. भाऊ असलेली बाई म्हणजे माहेरवाशीण, एवढा सोपा हिशोब. त्या बिचारीला ज्यांनी कारखान्यात घडवली त्यांच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

लुगडं नेसवायचं काम कुणाकडे जाणार? आईकडेच. आणि आईनं कापड कुठलं काढलं? ट्रंकेत तळाशी जांभळं जरीकाठाचं कापड होतं, तिच्या एका जुन्या साडीचं. दिवाळीला त्याचं मला पोलकं शिवायचं ठरलं होतं. मी शाळेतून आले तेव्हा काठ कापून झाला होता.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"उरतंय ना तुला," आई मान वर न करता म्हणाली. "काठ नसला तर काय बिघडतं? देवीचं आहे."

नऊवारी नेसवून, काष्टा घालून, त्या सोनेरी केसांचा आईनं खोपा बांधला. त्यासाठी तिनं आपल्या स्वतःच्या डोक्यातला आकडा काढला. नाकात एका मण्याची नथ अडकवली. मी दारात उभी राहून सगळं पाहत होते आणि माझे डोळे भरून येत होते, कारण ती फार सुंदर दिसत होती. आईचा हात तिच्या गालावरून फिरला तेव्हा मला वाटलं, तिला उचलून मशीनच्या चाकाखाली घालावी.

त्या दिवसापासून साऱ्या पेठेतल्या मुली शेजारी. पलीकडच्या गल्लीतल्यासुद्धा यायला लागल्या. माझ्याकडे येऊन दोन गाणी घाईघाईनं म्हणायच्या, मी डबा हलवायच्या आतच "वेफर, वेफर" म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि पळायच्या. माझी मातीची गुलाबाई गुलोजीशेजारी फळीवर नुसती बसून राहायची. मी तिच्यावरही चिडायचे. तुला काही करता येत नाही का, असं तिला म्हणायचे.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या गुलाबाईला पाण्यात सोडून सासरी धाडायला मेहरूणच्या तळ्यावर निघालो. आणि तोपर्यंत कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं ते तिथं काठावर आलं. गुलाबाई म्हणून जिची महिनाभर, निदान पंधरवडाभर पूजा झाली, तिचं विसर्जन करायचं की नाही? शेजारचीनं बाहुली छातीशी घट्ट धरली आणि मागे सरकली. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी अक्काच बोलल्या, "पूजेल देव घरमा ठेवतस नही, पोरी. सोड तिले."

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की टिपऱ्या एकमेकींवर आपोआप वाजल्या. जाऊ दे एकदाची तळ्यात. ती, तिचे केस आणि माझा जरीचा काठ, सगळंच जाऊ दे. शेजारची हुंदके देत पाण्यात उतरली आणि तिनं जोडी सोडली.

गुलोजी बुडाला. ती बुडली नाही.

प्लॅस्टिकचीच ती, बुडणार कशी? पण त्या क्षणी हे कुणाला सुचलं नाही. लुगडं फुगलं, खोपा सुटला, केस पाण्यावर पसरले आणि ती उताणी तरंगत हळूहळू काठाकडे परत आली. एका बाईनं काठीनं लोटली, पुन्हा आली. दुसरीनं हात जोडले. अक्का पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "तिले सासरे जावानं नही शे. लोटू नका तिले." मग त्यांनी वळून माझ्या आईकडे पाहिलं. "जिनी लुगडं दिधं तिनं घर तिनं माहेर. घरी लई जाय तिले."

लुगडं आईनं दिलेलं, म्हणून माहेरही आईचंच; अशी ती आमच्या घरी आली. मुलगी म्हणून, कायमची. पाठवलेली माहेरवाशीण परत आली तर तिला दारातून हाकलत नाहीत, हा आमच्याकडचा नेम. आईनं तिला पुसली, लुगडं वाळवून पुन्हा नेसवलं आणि मशीनच्या वर, खिडकीच्या कोनाड्यात बसवली. गल्लीला वाटलं, आता मी खूश असेन. आयती विलायती बाहुली घरात आली! मी तिला बोट लावलं नाही. हट्टानं नाही लावलं. आईची पाठ माझ्याकडे आणि तोंड तिच्याकडे, हे आता रोजचं झालं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शेजारची रोज संध्याकाळी तिला भेटायला यायला लागली. तिची बाहुली गेली होती, तिला कोण नाही म्हणणार? आधी कोनाड्याशी उभी राहायची. मग मशीनशेजारी बसकर टाकून बसायला लागली. आईनं तिला चिंधी दिली, सुई दिली. हूक लावायला शिकवलं, मग तुरपाई, मग काज. ती आईला काकू म्हणायची, पुढे नुसतं "ऐका ना" म्हणायला लागली, जसं घरातलं माणूस म्हणतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. बाहुलीचा मत्सर करून मी दमले नव्हते, तोवर जिवंत मुलगी येऊन बसली.

मी काय करत होते? अभ्यास. दाराशी पाट टाकून, मोठ्यानं पाढे म्हणत, पुस्तकावरून त्या दोघींच्या पाठी मोजत. मला वर्गात पहिला नंबर मिळायचा. आई म्हणायची, "छान," आणि दोरा दातानं तोडायची.

वर्षं गेली. बाहुलीचे केस चिकट झाले, लुगडं विरलं. एका दिवाळीच्या साफसफाईत ती कोनाड्यातून कुठे गेली ते मला कळलंही नाही. पण बसकर तिथंच राहिलं आणि त्यावर बसणारीही. ती दहावीनंतर शिकली नाही, आईच्या हाताखालीच ब्लाउज बेतायला लागली. मी कॉलेज केलं आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धुळ्याचं एक स्थळ मला पसंत पडलं.

लग्नाच्या शालूवरचा ब्लाउज आई शिवणार, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की विचारलंही नव्हतं. एका दुपारी पाहते तर आई ब्लाउजपीस घडी करून पिशवीत घालत होती.

"कुठे चाललं हे?" मी विचारलं.

"शेजारी. ती येऊन तुझं माप घेऊन जाईल. माझी नजर आता धरत नाही, आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

मग मी जे बोलले ते दहा-बारा वर्षांचं एकदम बोलले. म्हटलं, तू त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचं माप घेतलंस, माझं कधी घेतलं नाहीस. म्हटलं, तू तिला सगळं शिकवलंस, मला साधी तुरपाई येत नाही, सासरी गेल्यावर लोक हसतील. म्हटलं, मुलगी तुझी कोण, ती की मी?

आईनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "ती जवळ येऊन बसली. जी जवळ बसते तिलाच शिकवता येतं. तू आलीस का कधी? दारात बसून राहायचीस, पुस्तक घेऊन. मला वाटायचं, हिला या चिंध्यांची लाज वाटते."

"मला वाटत होतं, तू बोलावशील," मी म्हटलं.

आई उठून माझ्यासमोर आली. शिवणयंत्रावर वाकून वाकून तिच्या पाठीला बाक आला होता, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा समोरून दिसला.

"पोटच्या पोरीला बोलवावं लागतं," ती म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नाही गं."

मग तिनं पिशवी उचलली आणि ब्लाउजपीस शेजारी देऊन आली.