लंगडीच्या औषधाचा कागद

आमच्या कुत्रीला हिब्रू येत नव्हतं. बासष्ट साली इस्रायलमधल्या रामल्यात, सरकारने एकाच साच्यातून काढलेल्या घरांच्या आमच्या रांगेत, कुणी तिला हिब्रूत "ये" म्हटलं तर ती असं तोंड करायची, जणू समोरच्याने तिच्या सात पिढ्या काढल्यात. पण आईने स्टोव्हपाशी बसल्या बसल्या नुसतं "गो बाय" म्हटलं की रेल्वे स्टेशनाच्या पलीकडून, तेल अवीवची गाडी थांबवून, ती धावत यायची. गाडी थांबायची हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ड्रायव्हर टोपी काढायचा, हे मी नंतर जोडलं.

धावत म्हणजे कशी, तर लंगडत. मागचा उजवा पाय तिचा जन्माचा आखूड. फरशीवर आवाज यायचा: टक, टक, टक, आणि मग एक फरफट. हा आवाज लक्षात ठेवा. मला विसरता आलेला नाही.

घरात आम्ही तिघं: आई, मी आणि ती. वडील मुंबईतच गेले होते. मी सत्तावीस वर्षांचा, कारखान्यात कामाला, बिनलग्नाचा. आईला या देशात येऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिचं हिब्रू "शालोम"च्या पुढे सरकलं नव्हतं. बाजारात, दवाखान्यात, सरकारी कचेरीत तिची जीभ म्हणजे मी. मुलगा म्हणून मी बारा आण्यांचा असेन, पण दुभाषा म्हणून सोळा आणे. बाजारवाल्याला ती "चोर मेला" म्हणायची आणि मी हिब्रूत सांगायचो, "आई म्हणते, तुमची वांगी फार ताजी." त्यामुळे आम्हाला वांगी स्वस्त मिळायची. खोटं बोलण्याची सवय मला अशी वांग्यांपासून लागली.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी सकाळी, कुत्री आडवी झाली. आदल्या संध्याकाळी आईने तिला मटणाचं हाड दिलं होतं. सकाळी तिचं पोट तबल्यासारखं ताणलेलं, जीभ बाहेर, आणि ती जमीन चाटत होती.

"जा, जनावरांच्या डॉक्टरला आण," आई म्हणाली.

"आई, आज शब्बाथ."

"जिवासाठी शब्बाथ मोडतो, मेल्या. पैशासाठी नाही मोडत. त्याला आण, पण या घरात पैशाचं नाव काढू नको."

शब्बाथ म्हणजे आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसावा, आणि त्याचा हा आईचा कायदा होता. शुक्रवारी दिवा लागला की "किती" हा शब्दसुद्धा कोनाड्यात ठेवायचा, तो शनिवारी तीन चांदण्या दिसल्यावरच उचलायचा. कोकणात तिच्या बापाचा तेलाचा घाणा होता. शनिवारी त्यांचा बैलदेखील झापड काढून बसायचा आणि कुणी बाजारभाव विचारला तर मान फिरवायचा, असं ती सांगे. मी खोटारडा कुणावर गेलो ते तुम्हाला कळलं असेल.

डॉक्टर जर्मनीहून आलेला होता. आयुष्यभर गाईंच्या शेपट्या उचलल्या, पण ऑगस्टच्या उन्हातही गळ्यात टाय. शब्बाथच्या दिवशी त्याची गाडी आमच्या रांगेत शिरली तेव्हा खिडक्याखिडक्यांतून डोळे वटारले गेले. त्याने गुडघे टेकून कुत्रीचं पोट दाबलं आणि माझ्याकडे पाहून हिब्रूत म्हणाला, "हाड आतड्यात अडकलंय. पोट उघडावं लागेल, आत्ताच, माझ्या दवाखान्यात. एकशे वीस लिरा. वाचेल की नाही ते निम्मं निम्मं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर एक इंजेक्शन. झोपेल ती उठणार नाही. याला पैसे थोडे लागतात."

"काय म्हणतो?" आईने विचारलं. ती डॉक्टरकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

माझ्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात तीनशेहून जास्त लिरा होते. जुनी स्कूटर घ्यायची होती. आणखी दोन पगार, की मी रामल्याच्या रस्त्यावरून राजासारखा जाणार होतो. शब्बाथला पैशाचं नाव काढायला बंदी, मग आईला विचारणार कसं, ही माझी कैफियत. इतकी वर्षं मी ती घोळवतोय. गुळगुळीत झालीय, पण गिळवत नाही.

"म्हणतो, आता उपाय नाही," मी म्हणालो. "दुखणं थांबवायला सुई देतो."

"सुईने बरी होईल?"

"दुखणं थांबेल."

त्या दिवसभरात मी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "गो बाय, निज हां. सुई लागायची नाही." शेपटी दोनदा फरशीवर आपटली. मग कुत्रीने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी समजत होतं, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

रविवारी सकाळी डॉक्टर बिल घेऊन आला. पंधरा लिरा येण्याचे, दहा सुईचे. मी आकडा सांगितला आणि आई ओट्यावर उभी राहिली.

"मेलेल्या जनावराचे पैसे? आमच्या गावात जनावर उभं राहिलं तर वैदूला पायलीभर भात, नाही राहिलं तर तो चहासुद्धा न पिता जायचा! सांग याला. खाटीक आहे म्हणावं!"

"आई तुमचे आभार मानते," मी डॉक्टरला सांगितलं.

"आभार मानायला फार ओरडतात," डॉक्टर म्हणाला. "त्यांना सांगा, मी सुट्टीच्या दिवशी आलो, आणि मी दुसरा मार्गही सुचवला होता."

"म्हणतो, त्याला फार वाईट वाटतंय," मी आईला सांगितलं.

"वाईट वाटतंय तर पैसे कशाला मागतो?"

असा तासभर तमाशा झाला. अर्धं रामला जमलं होतं. उरलेलं अर्धं बसने येत होतं. शेवटी आईने दहा लिरा ओट्यावर ठेवले. "सुईचे घे. तिचं दुखणं थांबलं, त्याचे. येण्याचे नाही." डॉक्टरने बिलावर आणखी दोन ओळी लिहिल्या, सही केली, कागद आईच्या हातात दिला आणि गेला. आईने तो घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकाखाली, पत्र्याच्या पेटीत ठेवला. तो लिहीत होता तेव्हाच मी त्याच्या खांद्यावरून वाचला होता. जर्मन माणूस, हिशेबाला पक्का. त्याने लिहिलं होतं: शस्त्रक्रिया सुचवली. मुलाने नाकारली. बाकी पंधरा.

ते पंधरा मी गुपचूप नेऊन देऊ शकलो असतो. दिले नाहीत. दोन महिन्यांनी स्कूटर आली, तेव्हा त्याच पंधरातून तिला मागचं बघायला आरसा बसवला.

आणि पहिल्याच दिवशी, कारखान्याच्या रस्त्यावर, मागून आवाज आला. टक, टक, टक, फरफट. आरशात पाहिलं. रिकामा रस्ता, निवडुंगाचं कुंपण. वेग वाढवला, तर टकटक वाढली. थांबलो, तर थांबली आणि नुसती धाप ऐकू आली. मी तुम्हाला गाडी थांबवणाऱ्या कुत्रीची थाप मारली, मान्य. पण ही थाप नाही. मेकॅनिकला दाखवलं. त्याने चेन पाहिली, नट आवळले, हिब्रूत म्हणाला, "इंजिन झकास आहे." त्याला ऐकूच येत नव्हतं. हिब्रूत ऐकत होता ना.

घरी आईने मटण सोडलं होतं. "माझ्या हाडाने मारलं तिला," एवढंच म्हणायची, आणि दारापाशी पाण्याचं भांडं भरून ठेवायची. सकाळी त्यातलं पाणी कमी झालेलं असायचं. ऊन होतं, म्हणा.

चौसष्टमध्ये आमच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना अक्षरओळख करून द्यायला सैन्यातली एक पोरगी येऊ लागली. दर मंगळवारी, खाकी स्कर्ट, हातात खडू. मी हसलो. आई वाचणार! पण आईने तेलाची बाटली वाचली. मग साबणाचा कागद. मग विजेचं बिल, बोट ठेवून, एकेक अक्षर, चण्यासारखं चावून. घरातलं सगळं छापील संपत चाललं होतं, आणि पेटीत तो कागद होता. चोरावा म्हणून एकदा पेटी उघडलीही. झाकणावर हात ठेवला आणि पाठीमागे फरशीवर टक झालं. पेटी बंद केली.

एका दुपारी मी कामावरून आलो, तर आई खाटेवर बसलेली. चष्मा, बोट, कागद.

"नि-तू-आख," ती म्हणाली. "म्हणजे काय रे?"

माझ्या जिभेवर सतरा उत्तरं आली. सगळी सुंदर होती.

"ऑपरेशन," मी म्हणालो.

"पुढचं सांगू नको. 'मुलगा' मला पहिल्याच महिन्यात शिकवला." तिने बोट पुढच्या ओळीवर नेलं. मग विचारलं, "वाचली असती?"

"निम्मं निम्मं."

तिने कागदाची घडी केली. ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, आपल्या बटव्यातून पंधरा लिरा काढले, पातळ नीट केलं. "काढ तुझी गाडी."

आई जन्मात स्कूटरवर बसली नव्हती. एका बाजूला पाय सोडून बसली, माझा खांदा असा धरला की खुणा आठवडाभर राहिल्या. डॉक्टर दवाखान्यात टाय लावूनच बसला होता. तिने पैसे टेबलावर ठेवले.

"सांग याला, मी तुला खाटीक म्हटलं होतं, ते शब्द परत घेते. तू उपाय सांगितला होतास. माझ्या मुलाने मला सांगितला नाही. शब्दाला शब्द सांग."

शब्दाला शब्द सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि माझं हिब्रू त्या दिवशी फार तोकडं पडलं. डॉक्टरने पावती लिहिली, दोनदा वाचली, आईला दिली. आईने उभ्याउभ्या तिसऱ्यांदा वाचली. वेळ लागला, पण तो थांबला.

परतताना स्टेशनाच्या वळणावर आवाज सुरू झाला. टक, टक, टक, फरफट. मी आरशात पाहिलं नाही. या आवाजाबद्दल मी आईला कधीच काही सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. मी मान खाली घालून हँडल पिळलं.

आईने माझा खांदा हलवला. ती मागे वळून रस्त्याकडे बघत होती.

"हळू चालव, मेल्या," ती म्हणाली. "लंगडी आहे ती."