खालच्या पट्टीतला माणूस

चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. माझा नवरा त्याच कंपनीत फोम सेक्शनला चौदा वर्षं होता. फ्रेंच लोकांनी कंपनी घेतली, फोम बाहेरून मागवायचं ठरलं, आणि अख्ख्या सेक्शनला कँटीनमध्ये बोलावून व्हीआरएसच्या कागदांवर सह्या घेतल्या. आमची शिलाईची लाइन तेवढी राहिली. त्यानंतर मी सकाळी भोसरीहून कंपनीच्या बसने निघायची आणि बस दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा असायचा. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण त्या काळात मला काहीच वाटत नसे. तव्यावर बोट पोळलं तरी उशिरा कळे.

वर्षभराने नवे साहेब आले, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे. माणूस खरंच चांगला, पोह्यांवर लिंबू पिळायला लगेच शिकला. शिलाईच्या आम्हा सहा बायकांना मीटिंग रूममध्ये बसवून त्यांनी भिंतीवर एका लांबलचक भरतकामाचे फोटो दाखवले. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचं कापड, त्यांच्या गावाकडे जपून ठेवलेलं. त्यावर साहेबांच्या नॉर्मन पूर्वजांनी जिंकलेल्या लढाईची गोष्ट होती, सुपरवायझर ती हिंदीत सांगत होता. नॉर्मन म्हणजे मुळात उत्तरेकडून होड्यांतून आलेले लुटारू. फ्रान्सच्या राजाने वैतागून त्यांना किनाऱ्याची जमीन दिली, तर दोन-तीन पिढ्यांत ते चर्चला जाऊ लागले, फ्रेंच बोलू लागले आणि स्वतःची बोली विसरले. मग समुद्र ओलांडून एका दिवसाच्या लढाईत त्यांनी इंग्लंडचा राजा मारला. तिथल्या सरदारांच्या जमिनी आपल्या माणसांत वाटल्या, जागोजागी किल्ले बांधले. इंग्रजीत आजही त्यांचे शब्द ढिगाने आहेत, असं साहेबांनी अभिमानाने सांगितलं.

माझ्या शेजारी पुनावळ्याची मावशी होती, आमच्यात वयाने मोठी. ती म्हणाली, "म्हंजी इंग्रजांवर बी कुणी राज्य केलं व्हतं व्हय?"

आम्ही हसलो. साहेबांना समजावल्यावर तेही हसले. पुढे ते म्हणाले की हे भरतकाम बहुतेक हरलेल्यांच्या बायकांनीच केलंय, जिंकणाऱ्यांसाठी. हात इतका सुबक होता त्यांचा. यावर मात्र आमच्यातलं कुणी हसलं नाही.

कंपनी घेतल्याला दोन वर्षं होणार होती आणि त्यांना आपल्या कंपनीचंही असं कापड हवं होतं. मधल्या भागाची चित्रं त्यांनीच काढून आणली होती. पाहुण्यांचं विमान, नारळ फोडणं, नवी मशिनं, पहिली सीट. खालच्या पट्टीत तुम्हाला हवं ते भरा म्हणाले, ऊस, बैल, इंद्रायणी. मूळ कापडाच्या त्या पट्टीत आधी पशुपक्षी आहेत, पण वर लढाई पेटली की खाली मेलेले शिपाई आडवे पडलेत आणि त्यांची चिलखतं कुणीतरी ओढून काढतंय. तो फोटो मी बराच वेळ बघत राहिले.

मशिनवर बसल्यावर मावशीने हळूच विचारलं, "तुझा नवरा घालायचा का न्हाई खाली?"

सगळ्यांचे हात थांबले. घालावा असं प्रत्येकीला वाटत होतं. पण घरात आता माझाच पगार येत होता, आणि साहेबांना राग आला तर शिलाईही बाहेर जाऊ शकते हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, मेलेल्या शिपायांसकट. तो लसूण सोलत होता. सगळा सोलून झाल्यावर म्हणाला, "घाल. पण आडवा नको. उभा घाल."

मी त्याला उभा भरला. वीतभर उंच, जुन्या कंपनीच्या खाकी युनिफॉर्ममध्ये, नव्या मशिनच्या बरोबर खाली. चेहऱ्यालाच दोन दिवस गेले. माझा हात चांगला आहे, उगाच कशाला लपवू. ओळखणाऱ्याने लांबूनही ओळखला असता.

दोन वर्षांच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साहेब कापड बघायला आले. सगळ्यांचं कौतुक करत करत खालच्या पट्टीपाशी थांबले, नवऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कोण? ते आले तेव्हा फोम बंद होऊन गेलं होतं, खाकी युनिफॉर्म त्यांनी पाहिलाच नव्हता. सुपरवायझरने पाहिला होता. तो खिडकीबाहेर बघू लागला. मावशी माझ्याकडे बघत होती.

"सिक्युरिटी, सर," मी म्हणाले.

साहेब खूश झाले. गेटवरच्या माणसाची कुणाला आठवण राहत नाही, तुम्ही ठेवलीत, असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्हीही वाजवल्या.

संध्याकाळी नवरा बसस्टॉपवर आला होता, एरवी कधी येत नाही. साहेबांनी बघितलं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, बघितलं, हा कोण म्हणून विचारलंसुद्धा.

"मग?"

"नाव सांगितलं तुमचं."

त्याने माझ्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला. घर येईपर्यंत ओळखीचं जे कोणी भेटेल त्याला थांबून हात करत होता.