शिवी न देता बस अडवली

फ्रेंड्स, आज आमच्या झाई गावात एक भारी गोष्ट ऐकली, लगेच सांगते.

शेजारच्या जमनाआजी मासे साफ करत होत्या. मी अहिंसेवर भाषण पाठ करतेय बघून म्हणाल्या, "अहिंसा? लय कठीण गो ती. मी केलीय!"

साठच्या दशकातली गोष्ट. आजी तेव्हा नवी नवरी. सकाळच्या बसचा कंडक्टर मासळीच्या टोपल्या चढवू देईना. चालत डहाणूच्या बाजारात पोचेपर्यंत मासळी खराब, म्हणजे घरात चूल बंद. एक दिवस मासेवाल्या बायकांनी दगड उचलले.

गावात एक म्हातारे मास्तर होते, स्वातंत्र्यासाठी जेलमध्ये जाऊन आलेले. स्वतः मासे खात नसत, पण बायकांसोबत बससमोर रस्त्यात येऊन बसले. म्हणाले, "दगड नको. आणि शिवी पण नको. शिवी म्हणजे तोंडाने मारलेला दगडच."

"दगड लगेच खाली ठेवले," आजी म्हणाल्या, "पण शिवी? आम्ही मासेवाल्या! तो कंडक्टर वाट्टेल ते बोलत होता, आणि माझी सासू तोंडात पदर कोंबून बसलेली."

"मग?"

"मग तोच घाबरला. भांडणाऱ्या बायकांची सवय होती त्याला, गप बसणाऱ्यांची नव्हती. शेवटी स्वतः खाली उतरून टोपल्या चढवल्या."

"आणि नंतर पण कोणी शिवी नाही दिली?"

"सासूने दिली ना एक, डहाणूला उतरल्यावर. पण ती बोंबलाला!"

मी अजून हसतेय. मला तर फॅमिली ग्रुपवर पाच मिनिटं गप्प बसणं जमत नाही. तुमच्यापैकी कोणी असं गप्प राहून भांडण जिंकलंय का?