उमादेवीचा ओटा

पहाटे साडेचारला सिद्धलिंगअप्पा तळ्यावर हजर असायचे. होडीत झिरपलेलं पाणी डब्यानं उपसायला अर्धा तास. मग वल्ही तपासायची, फळ्या पुसायच्या. पहिला प्रवासी यायचा नऊला. एवढ्या लवकर कशाला, असं मी एकदा विचारलं.

"घाईत पुसलेली फळी ओलीच राहती, वैजनाथ. बायामाणसं बसत्यात."

मी आणि अप्पा, दोघंही दगडाचे मजूर. निलंग्याच्या अलीकडचं हे तळं बांधलं तेव्हा भिंतीच्या उतारावर दगड लावायला आम्ही एकत्र होतो. दगडाची लांब बाजू आत गेली पाहिजे, फटीत चिपा ठोकून बसल्या पाहिजेत. अप्पांचा एकही दगड आजवर हललेला नाही. मी रोज त्या भिंतीवरून चालतो, म्हणून सांगतो.

काम चालू असतानाच त्यांची बायको उमादेवी काविळीनं गेली. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, वर ओटा बांधतात. अप्पांनी तिला आपल्याच रानात ठेवलं. पाणी कुठवर येणार ते दाखवायला तिथं पांढरे खांब रोवलेले होते. ओटा खांबांच्या खालच्या अंगाला पडत होता. मी तसं बोललो.

"खांबापर्यंत पाणी? आपल्याकडं?" अप्पा म्हणाले. "हितं पाऊस किती पडतो, मला ठावं न्हाई का?"

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. पुढची वीस वर्षं ते खरंही ठरलं. पाणी कधी ओट्यापर्यंत चढलं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला भेगा पडल्या. ओट्याचं प्लास्टरही तडकलं होतं. मी म्हणालो, "अप्पा, आता तिला उचलू. वर माळावर नेऊ."

"मेलेल्या तळ्याला काय भ्यायचं?"

त्यांनी ओट्याला नवं प्लास्टर केलं. टँकरचं पाणी माणशी दोन घागरी मिळायचं. त्यातली एक घागर अप्पा रोज ओट्यावर मारत. दहा दिवस. काम चोख झालं. त्याच सप्टेंबरात पाऊस आठवडाभर लागून राहिला आणि पाणी खांबांना टेकलं. ओटा बुडाला.

तेव्हापासून शरदात इथं माणसं येऊ लागली. सोयाबीन निघालेलं असतं, पाणी निवळतं, काठाला तरोट्याचं तण पिवळं फुलतं. नांदेड-लातूरची कुटुंबं डबे घेऊन येतात, फोटो काढतात. मासेवाल्यांच्या सोसायटीनं एक होडी फिरवायला काढली. अप्पा तिच्यावर मजुरीला लागले.

चहावाला देविदास छेडायचा, "अप्पा, लिंगायत माणूस अन् मासळीच्या होडीत?"

"तुझ्या कपबशीपरीस होडी सोवळी हाय."

एका रविवारी नांदेडच्या दोन कॉलेजच्या पोरी होडीत होत्या. मीही बसलो होतो. त्यातली शिवानी म्हणाली, "काका, तिकडं चला ना, त्या कोपऱ्यात. पाणी कसलं निळं दिसायलंय!"

"तिकडं न्हाई."

"का? मगर आहे का?"

"मगर न्हाई. माझं रान हाय."

पोरी हसल्या. "पाण्यात रान?"

अप्पांनी वल्हं दाबलं. लांबचा वळसा घेतला. त्या कोपऱ्यावरून त्यांनी कधीच होडी नेली नाही.

पाच शरद वल्ही मारून त्यांनी गावातल्या अंगदच्या माळावर जागा घेतली. दोन ओटे बसतील एवढी. "तळं आटलं की तिला आणतो," म्हणाले. "माझं मरण त्याच्या म्होरं."

गाव तळ्याचंच पाणी पितं. तळं आटण्याची वाट पाहणारा एकटा माणूस हा, आणि ते त्याला कुणापुढं बोलताही येईना. एका उन्हाळ्यात पाणी बरंच ओसरलं, ओट्याची कड दिसली. अप्पा कुदळ घेऊन उतरले. कमरेपर्यंत गाळात रुतले. दोर टाकून त्यांना ओढून काढायला आम्हाला दीड तास लागला. वर आल्यावर म्हणाले, "प्लास्टर शाबूत हाय." त्यानंतर पाणी तेवढं कधी उतरलंच नाही.

गेल्या आश्विनात अप्पा गेले. रविवार होता. तळं काठोकाठ, सांडवा वाहत होता. खाली काठावर लेकरं ओरडत होती, कुणाच्या तरी गाडीत गाणी लागली होती. माळाचा मुरूम कडक. चौघांनी आळीपाळीनं टिकाव चालवला, तेव्हा दुपारपर्यंत खड्डा झाला. अप्पांना तळ्याकडं तोंड करून बसवलं. ओटा मी बांधला. तेराव्या दिवसापर्यंत पाणी मारलं.

शेजारच्या जागेच्या चार कोपऱ्यांना मी चार दगड रोवले, लांब बाजू आत. त्यांच्या मजुरीतून झाली ती एवढी जागा, दोघांची. अर्ध्या जागेवर ओटा आहे. अर्ध्यावर गवत.